वरच्या मजल्यावरची मोरी

आमच्या रूथआत्याने जन्मभर दुसऱ्यांना अंघोळी घातल्या. ती दवाखान्यात सिस्टर होती. बाळंतिणी, भाजलेल्या बायका, अंथरुणाला खिळलेले म्हातारे, सगळ्यांची अंगं तिनं पुसली, केस विंचरले, नखं कापली. रिटायर होऊन आमच्याकडे राहायला आली आणि दोन वर्षांत पायरीवरून घसरून तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, तिला खुर्चीत बसवून चौघांनी वर आणलं, आणि मग रोज सकाळी माझी आई गरम पाण्याचं पातेलं आणि दोन फडकी घेऊन तिच्या खोलीत जायला लागली. एरवी आत्याची जीभ दिवसभर चालायची. तेवढा वेळ मात्र ती भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून पडायची. एकदा मी पातेलं उचलायला आत गेले, तर ती आईला म्हणत होती, "शांता, पेशंटला पुसताना मी सारखी बोलत राहायचे बघ. त्याला बरं वाटावं म्हणून. त्या वेळी त्याला कुणीच नको असतं खोलीत, हे मला आत्ता कळलं." फडकं पिळता पिळता आईचे हात तेवढे थांबले.

आम्ही तेव्हा नगरात एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर राहायचो. बाबा हायस्कुलात शिकवायचे, आणि शाळेनंच ती जागा त्यांना दिली होती. खाली बालवाडी भरायची. भिंती हातभर जाड, आणि वर आमच्या पायाखाली सगळी सागवानी फळ्यांची जमीन. त्या जमिनीमुळे आमच्या घरात कुणाला काही लपवता यायचं नाही. कोण उठलं, कोण कुठल्या खोलीतून कुठल्या खोलीत गेलं, कोण रागात चाललंय, सगळं फळ्या सांगायच्या. बाबा तावातावानं फेऱ्या मारायला लागले की बालवाडीच्या बाई खालून वर बघायच्या म्हणे. आणि खालचं आम्हाला वर ऐकू यायचं. सकाळी आई स्टोव्हला पंप मारत असायची, चर्चची घंटा व्हायची, आणि थोड्याच वेळात जमिनीतून चाळीस पोरांचे आकडे वर यायला लागायचे. एकोणतीसनंतर ती हमखास अडखळायची. शनिवारी आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे असायचे, लसणाचा वास लाकडात मुरलेला असायचा, आणि रविवारच्या मटणापेक्षा मला ते शेंगोळेच जास्त आवडायचे. अजून आवडतात. आता नगरातच, सावेडीतल्या फ्लॅटमध्ये मी एकटीपुरते करते, पण इथली जमीन मुकी आहे.

अंघोळीला मात्र सगळ्यांना खाली, अंगणापलीकडच्या न्हाणीघरात जावं लागायचं. आत्याला तो जिना आता जन्मात उतरता येणार नव्हता. वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात एक मोरी होती, कुणा साहेबाच्या काळातली. फळ्यांवर जस्ताचा पत्रा ठोकून तिथं अंघोळीची सोय केलेली होती. पुढं पत्रा कुजला, पाणी लाकडात मुरायला लागलं, तशी कुणीतरी ती बंद केली. आम्ही तिथं ट्रंका आणि नाताळचे कागदी कंदील ठेवायचो. भिंतींना लोणा लागलेला, गिलाव्याला पोपडे आलेले, कोपऱ्यात हात लावला तर वाळू हातात यायची. "हीच मोरी करायची," बाबा एका संध्याकाळी म्हणाले. "पांढऱ्या फरश्या, भिंतीला धरायला दांडी, बसायला ओटा. रूथला तिची तिची अंघोळ करता आली पाहिजे." आत्या बाबांहून बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेल्यावर तिनंच त्यांना वाढवलं, शिकवलं, आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं. या गोष्टीचा घरात कधी उच्चार व्हायचा नाही, पण बाबा तिच्यासमोर कधी आवाज चढवून बोलले नाहीत.

बाबांचा कान सबंध शहरात प्रसिद्ध होता. चर्चचा क्वायर तेच बसवायचे. पंचवीस जण गात असताना कोण पाव सुरानं खाली आहे, ते पाठमोरे असतानाही बोट करून दाखवायचे. मी बारा वर्षांची असताना त्यांनी माझी परीक्षा घेतली आणि म्हणाले, "सलोमी, तुला कान आहे, गळा नाही." मला वाईट वाटलं नाही. बाबांनी सांगितलं म्हणजे ते तसंच असणार. मी ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे तेव्हा मी अठरा वर्षांची होते. बारावीला गणितात राहिले होते, ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट बघत घरात बसले होते, आणि आपण फार हुशार नाही याची मनाशी खूणगाठ बांधली होती.

फरश्या आधी आल्या, मिस्त्री नंतर. दुकानदारानं बाबांना सांगितलं होतं की जुन्या भिंतीवर सिमेंटचं पाणी मारायचं, वर फरशी चिकटवायची, चार दिवसांचं काम. भागुजी मिस्त्री मूळचे सोनईकडचे. पन्नाशी उलटलेले, काटकुळे, डोक्याला उपरणं. मिस्त्रीकाम धरण्याआधी ते विहिरींवर सुरुंग लावायचे, आणि त्यातल्याच एका सुरुंगात त्यांचा डावा कान गेला होता. त्यांनी आत येऊन हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि लगेच थापीच्या लाकडी मुठीनं भिंत वाजवायला सुरुवात केली. एक हात वाजवत होता, दुसरा तळवा भिंतीवर पसरलेला. उजवा कान इतका जवळ की चुना मिशीला लागत होता. टण, टण, टण, आणि मग एकदम भद. तिथं त्यांनी कोळशाची रेघ ओढली. अर्ध्या तासात भिंतीवर नकाशा तयार झाला. कुठल्या देशाचा म्हणाल तसा.

"मास्तर, येवढं समदं उतरावं लागंल," ते म्हणाले. "गिलावा भिंतीपासनं सुटलाय. वरून फरशी लावली तर सा म्हैन्यात फरशीसकट अंगावर यील. आन् जिमिनीचं तर म्या अजून बघितलंच न्हाई."

"दुकानदार चार दिवस म्हणाला."

"दुकानदाराला फरशी इकायची हाय. मला पंधरा दिस द्या."

बाबांचा चेहरा पडला. बाजूच्या खोलीतून आत्यानं बाबांना हाक मारली, "शमू, त्यांना त्यांचं काम करू दे." पण पंधरा दिवस म्हणजे पंधरा वेळा ते पातेलं आणि ती फडकी, हे घरातल्या सगळ्यांना कळत होतं. बाबा मान हलवून शाळेत गेले.

मी दाराशी उभी राहून बघत होते. भागुजींनी मला हाक मारली. "पोरी, तुला काय काम न्हाई ना? हितं ये. ह्या कानानं मला अर्धंच ऐकू येतं. म्या वाजवतो, तू सांग." पहिल्यांदा मला सगळंच सारखं वाटलं. मग हळूहळू भिंत उलगडायला लागली. घट्ट गिलाव्याचा सूर वरचा, छोटा, लगेच संपणारा. सुटलेल्याचा खालचा, आणि त्यात मागं काहीतरी बारीक थरथरणारं. दोन्हींच्या मधलेही सूर होते, अजून सुटला नाही पण सुटणार आहे असे. मी सांगायचे आणि भागुजी तळवा ठेवून मान डोलवायचे. दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की ते मला विचारतायत खरं, पण त्यांना तळव्यातून आधीच कळलेलं असतं. ते मला शिकवत होते. माझ्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी या भिंतींच्या आत राहिले, आणि त्या इतकं काही बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी गिलावा उतरवताना आणखी एक नवल झालं. एका ठिकाणी वरचा थर पाटीसारखा अख्खा निघून आला आणि आतला जुना चुन्याचा थर उघडा पडला. त्यावर सबंधभर बोटांच्या रेघा होत्या. ओल्या चुन्यात चार बोटं फिरवून काढलेल्या, पाण्याच्या लाटांसारख्या एकीखाली एक. वरच्या थराला धरायला खडबडीतपणा हवा, म्हणून कुणीतरी त्या ओढल्या होत्या. भागुजींनी आपली बोटं त्या रेघांत बसवून बघितली. बसली नाहीत, त्यांची रुंद होती. त्यांनी मला खूण केली. मी बोटं ठेवली आणि ती रेघेतून अलगद पुढे सरकत गेली, वळणावर वळली, जिथं त्या हातानं दम खाल्ला होता तिथं थांबली. "बाईमानसाचा हात हाय," भागुजी म्हणाले. "चुन्याच्या कामाला बायाच असायच्या. घानीवर चुना मळायच्या बी त्याच." त्यांनी तो भाग वाजवला. घंटेसारखा वाजला. "ह्याला हात लावायचा न्हाई. ह्याच्यावरच आपला थर चढवायचा. शंभर वर्सं झाली असत्याल, पर काय धरलंय बघ." मी आईला बोलावलं. आई पिठाचे हात घेऊन आली आणि बराच वेळ बघत उभी राहिली. जाताना म्हणाली, "मिस्त्री, आज भाकरी सोडू नका. कालवण करते, आमच्यातच जेवा."

त्या रेघा सोडून बाकीच्या भिंतींना छिन्नीनं टाचे मारून झाले, पाणी पाजून झालं, वाळू-सिमेंटचा थर चढला, ओळंबा सोडून तो सरळ झाला. राहिली जमीन. पत्र्याचे उरलेसुरले तुकडे निघाले तेव्हा खाली फळ्या काळपट पण धडधाकट दिसत होत्या. तो शनिवार होता, बाबांची शाळा सकाळची. ते घरी आले आणि बुटांसकट मोरीच्या मधोमध जाऊन उभे राहिले. "बघा," पाय आपटत ते म्हणाले, "हत्ती नाचेल यावर. आता सरळ सिमेंट टाका मिस्त्री, सोमवारी फरशी."

"लाकडावर सरळ फरशी बसत न्हाई मास्तर. लाकूड फुगतं, बसतं. फरशीला त्ये जमत न्हाई, ती तडकती. मदी डांबरी कागद पायजे, जाळी पायजे. आन् त्याच्या आदी खालच्या तुळया बघाया पायजेत."

"तुळया सागाच्या आहेत."

"व्हय, पर वाजवून बघू."

भागुजी गुडघ्यांवर बसून पालथे झाले आणि दोन्ही तळवे फळ्यांवर टेकून माझ्याकडे बघून म्हणाले, "वाजव." मी पहार घेतली आणि तिचा जड बुडखा तुळईच्या रेषेवर एका टोकापासून आपटत निघाले. दुम, दुम, दुम. भरलेला, गोल आवाज. पुढे भिंतीजवळ, जिथून मोरीचं पाणी बाहेर जायचं तिथं, आवाज बदलला. फार नाही, जेमतेम एखाद्या श्रुतीनं उतरला. गोलपणा गेला आणि त्यात कोरडं काहीतरी आलं. मी परत मागे जाऊन वाजवलं, परत पुढे.

"इथं सूर उतरतोय," मी म्हणाले.

बाबांनी माझ्या हातातून पहार घेतली. स्वतः वाजवलं. दोनदा, तीनदा. मान तिरकी करून ऐकलं, जसं क्वायरमध्ये ऐकायचे. "काही फरक नाही," ते म्हणाले. "सगळं एकसारखं आहे."

बाबांच्या कानाला कुणी खोटं ठरवलेलं मी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आपलंच चुकलं असेल. भागुजी अजून जमिनीवर पालथे होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तळवे पुन्हा फळ्यांवर टेकले. मी पुन्हा पहार घेतली, पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. "बाबा, फरक आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "इथून इथपर्यंत आवाज खाली आहे. मला ऐकू येतंय."

"पोरगी म्हनती तर फळी काढू," भागुजी उठत म्हणाले. "लई तर दोन खिळं वाया जात्याल."

खिळे करकरत निघाले. फळी उचलली. खाली तुळई दिसली, वरून तेलकट, तांबूस, एखाद्या निरोगी माणसाच्या दंडासारखी. बाबांनी माझ्याकडे बघून भुवया वर केल्या. भागुजींनी वाकून तुळईच्या भिंतीत शिरणाऱ्या टोकावर अंगठा दाबला, आणि अंगठा आत गेला. मग पंजा गेला, मग मनगट. हात बाहेर काढला तेव्हा मुठीत तपकिरी भुगा होता, रव्यासारखा सुका. सागाचं नुसतं साल उरलं होतं आणि ते आमच्या सगळ्यांचं वजन पेलत होतं. तुळईच्या खाली बालवाडीच्या छताच्या पट्ट्या होत्या, त्यातल्या दोन पट्ट्यांमधल्या फटीतून उजेड वर येत होता, आणि उजेडाबरोबर आवाज. पोरं डबे उघडत होती. कुणीतरी कुणाचा तरी लाडू घेतला होता आणि बाई समजूत घालत होत्या. मी फटीतून खाली बघितलं. नेमकं खाली, त्याच कोपऱ्यात, एक वेणी आणि तिची लाल रिबीन दिसत होती.

बाबा जिना उतरले. फळ्यांवर त्यांची पावलं इतकी हळू मी कधीच ऐकली नव्हती. थोड्या वेळानं पोरं ओळीनं अंगणात, लिंबाखाली जाऊन बसली. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत बालवाडी झाडाखालीच भरली, आणि पोरांना त्याचा इतका आनंद झाला की नंतर आत जायला तयार होईनात.

पुढचं काम मी डोळ्यांत प्राण आणून बघितलं. खालून टेकू दिले. सुतार आला, त्यानं कुजलेलं टोक कापून काढलं आणि नवं सागवान दोन्ही अंगांनी जोडून मधून आरपार बोल्ट मारले. भिंतीतल्या भोकात भागुजींनी दगड बसवला आणि लाकडाभोवती हवेला जागा सोडली, म्हणजे ओल धरणार नाही. फळ्या स्क्रूनं आवळल्या. वर डांबरी कागद, त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी, आणि जाळीवर वाळू-सिमेंटचा थर, पाणी निघण्याच्या भोकाकडे जेमतेम डोळ्याला कळेल एवढा ढाळ दिलेला. भिंतीच्या कडेनं बोटभर फट ठेवून तीत डांबर ओतलं. मग भोकाला बोळा मारून मोरीत घोटाभर पाणी भरलं आणि दोन दिवस तसंच ठेवलं. खाली रिकाम्या वर्गात बाबांनी जुन्या उत्तरपत्रिका अंथरल्या. शाईचे होते ते कागद, थेंब पडला असता तर अक्षर लगेच फुटलं असतं. दोन दिवस ते दर तासाला खाली जाऊन वाकून बघत होते. एकही अक्षर फुटलं नाही. तेव्हा कुठं भागुजींनी फरश्यांची खोकी उघडली.

मी पुढं सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि तीसेक वर्षं लोकांच्या गळक्या, भेगाळलेल्या इमारती तपासत फिरले. आता बादलीतून मिळणारी रसायनं आली, भिंतीच्या आतलं दाखवणारी यंत्रं आली. मी ती सगळी वापरली. पण यंत्र लावायच्या आधी तळवा ठेवल्याशिवाय मला राहवलं नाही, आणि तळव्याखाली भिंत बोलायला लागली की दर वेळी तोच काटा अंगावर आला.

आत्याच्या अंघोळीच्या दिवशी आईनं बंबातलं पाणी वर आणून बादल्या भरून ठेवल्या. आत्या वॉकर धरून एकेक पाऊल टाकत मोरीच्या दाराशी आली. भागुजी त्या दिवशी मुद्दाम आले होते. त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन ओट्यावर बसून दाखवलं, दांडीला सगळा भार देऊन लोंबकळून दाखवलं. "शिस्टरबाई, बिनघोर जावा," ते म्हणाले. आत्यानं त्यांचा हात हातात घेतला, तळवा उलटा करून नर्सच्या नजरेनं सिमेंटनं फुटलेल्या भेगा पाहिल्या आणि आईला म्हणाली, "यांना व्हॅसलिनची डबी दे आधी." मग ती आत गेली. दार लागलं. आतून कडी सरकली. चार महिन्यांत पहिल्यांदा आत्या आणि आमच्यामध्ये एक बंद दार होतं.

भागुजी गेले, आई स्वयंपाकघरात गेली. बाबा आणि मी तिथंच उभे राहिलो. पहिला तांब्या पडल्याचा आवाज आला. मग दुसरा. बाबा दाराकडे बघत होते आणि माझ्याशी बोलत होते.

"सलोमी, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पहिल्याच ठोक्याला. तू म्हणालीस त्याच जागी, तेवढाच उतरलेला." त्यांनी घसा खाकरला. "मला वाटलं, आणखी आठ दिवस रूथ तशी पडून राहणार. म्हणून म्हणालो, फरक नाही. खाली पोरं जेवत होती आणि मी फरक नाही म्हणालो."

ज्या माणसानं कधी कुणाचा पाव सूरही सोडला नाही, त्यानं बहिणीसाठी स्वतःच्या कानाला खोटं पाडलं होतं. आणि आता अठरा वर्षांच्या मुलीसमोर उभं राहून तो ते सांगत होता. सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं. त्यांच्याविषयी मला तोवर आदर होता, भीतीही होती. त्या क्षणी जे वाटलं त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. मी त्यांचा हात धरला. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

आत पाणी भसाभसा पडत होतं. आत्या हात राखून ओतत नव्हती.

"दाराशी कोण उभं आहे?" आतून तिचा आवाज आला. तोच, वॉर्डातला, खणखणीत. "फळी वाजतेय, मला ऐकू येतंय. जा बघू आपापल्या कामाला!"

आम्ही चोरासारखे पाय उचलत तिथून निघालो.